टूम्बस्टोन ते 'सिंघम' : गोळीबारानंतर काय?

पोलिसांच्या चकमकीत एखादा आरोपी मारला गेला की आपल्याकडे एक ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, हे सगळं सिनेमांनी बिघडवलं. वर्दीतल्या नायकाने न्यायाधीशाचं आणि जल्लादाचं काम एकट्याने उरकायचं आणि आपण शिट्ट्या वाजवायच्या, ही सवय त्यांनीच लावली. दुसरी बाजू म्हणते, सिनेमाला कशाला बोल लावता? कोर्टात तारखांवर तारखा पडतात, साक्षीदार फुटतात, गुंड जामिनावर सुटून गावात मिरवतात; लोकांच्या मनातला संताप पडद्यावर उमटला तर त्यात पडद्याचा काय गुन्हा? सप्टेंबर २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका भाषणात 'सिंघम'चं नाव घेऊन झटपट न्यायाच्या या चित्रणाबद्दल इशारा दिला, तेव्हाही चर्चा याच दोन रुळांवरून गेली. मला न्यायमूर्तींची काळजी रास्त वाटते. पण त्यानंतर जे काही लिहिलं-बोललं गेलं, ते मूळ प्रश्नापर्यंत पोचलंच नाही. कायद्याची माणसं गुन्हेगारांचा पाठलाग करतात, ही गोष्ट सांगायची एकच रीत आहे आणि ती म्हणजे गोळीचा जयजयकार, असं दोन्ही बाजूंनी धरून चाललं होतं.

ही समजूत चूक आहे, आणि तिचा पुरावा या चित्रप्रकाराच्या सुरुवातीच्या वर्षांतच सापडतो. हॉलिवूडच्या सिनेमाला वाचा फुटून काही वर्षंच झाली होती, तेव्हा, १९३२मध्ये, युनिव्हर्सल कंपनीने 'लॉ अँड ऑर्डर' नावाचा वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरच्या शेरीफ-गुंडांचा सिनेमा, काढला. दिग्दर्शक एडवर्ड काह्न, प्रमुख भूमिकेत वॉल्टर ह्यूस्टन, आणि पटकथेवर काम करणाऱ्यांत त्याचा तरुण मुलगा जॉन ह्यूस्टन, जो पुढे स्वतः मोठा दिग्दर्शक झाला. हा सिनेमा आज फारसा कोणी पाहत नाही, याचं मला वाईट वाटतं. कारण आपल्या वादात जी कसोटी हरवली आहे, ती त्याने नव्वद वर्षांपूर्वी हातात दिली होती. कायद्याच्या रखवालदाराने कायदा मोडल्याचं दाखवणं हा सिनेमाचा दोष नसतो. तसं घडतं, तेव्हा ते दाखवायलाच हवं. मोडल्यावर त्याची किंमत कोणी चुकवली, कायद्याच्या हातात पुढे काय उरलं, हे न सांगताच खेळ आटोपणं हा खरा दोष आहे. आणि तो दोष बंदुकीचा नसून पटकथेचा आहे.

आधी तो काळ बघायला हवा. बोलपट आला तेव्हा वेस्टर्नचे दिवस भरले, असं अनेकांना वाटलं होतं. मायक्रोफोन स्टुडिओच्या भिंतींत अडकलेला. घोडे, माळरान, पाठलाग यांचं काय करायचं? १९२९च्या सुरुवातीला लोकांपुढे आलेल्या 'इन ओल्ड ॲरिझोना'ने उघड्यावर ध्वनिमुद्रण करून ती शंका मिटवली. मूकपटात बंदूक म्हणजे धुराचा लोट होता. आता ती ऐकू येऊ लागली. हा बदल वाटतो त्याहून मोठा होता. गोळीला आवाज मिळाला, तसा गोळी लागलेल्या माणसालाही मिळाला. 'लॉ अँड ऑर्डर' ज्या कादंबरीवर बेतला होता तिचा लेखक डब्ल्यू. आर. बर्नेट. शिकागोच्या टोळीवाल्यांवरची 'लिटल सीझर' ही कादंबरीही त्याचीच. म्हणजे शहरातल्या गुन्हेगारीवर लिहिणारा माणूस ॲरिझोनातल्या टूम्बस्टोनकडे वळला होता, आणि तिथल्या गोळीबारामुळे गाजलेल्या वायट अर्प या कायद्याच्या माणसाची दंतकथा त्याला जशीच्या तशी गिरवायची नव्हती. त्याने नायकाचं नाव बदललं; सिनेमात तो फ्रेम जॉन्सन आहे. लोक त्याला 'सेंट' म्हणतात, पण तो संत नाही हे त्यालाही ठाऊक आहे.

जॉन्सन आपला भाऊ आणि दोन मित्र यांच्यासह टूम्बस्टोनमध्ये येतो. गावावर नॉर्थरप भावांची दहशत आहे, शेरीफ त्यांच्या मुठीत आहे. गावातला न्यायाधीश जॉन्सनला मार्शलचा, म्हणजे गावच्या पोलीसप्रमुखाचा, बिल्ला घ्यायला लावतो. इथवर सगळं ओळखीचं. मग येतो जॉनी किन्समन. हा भाबडा, गोंधळलेला शेतकरी. त्याच्या हातून अपघातानेच एक माणूस मेला आहे. गावाचा जमाव त्याला झाडाला लटकवायला निघतो. जॉन्सन बंदूक रोखून जमावासमोर उभा राहतो आणि जॉनीला वाचवतो. कशासाठी? रीतसर खटल्यासाठी. खटला होतो, आणि कोर्ट जॉनीला फाशीचीच शिक्षा देतं. टूम्बस्टोनमध्ये कायद्याने फाशी जाणारा तू पहिला माणूस, असं त्याला सांगितलं जातं आणि त्या बिचाऱ्याला त्याचा अभिमान वाटू लागतो. अँडी डिव्हाइनने ही भूमिका ज्या निरागसपणे केली आहे, ती बघताना घशात काहीतरी अडकतं. जमावाचा दोर आणि कोर्टाचा दोर यांत फरक काय, हा प्रश्न सिनेमा उघडपणे विचारत नाही. पण तो प्रेक्षकाच्या मांडीवर ठेवून पुढे जातो. कायदा आला म्हणजे दया आली, असं खोटं आश्वासन तो देत नाही. आपल्याकडच्या कोणत्या पोलिसपटाने कायद्याची बाजू घेताना इतका प्रामाणिकपणा दाखवला आहे?

त्यानंतर जॉन्सन जे करतो ते अमेरिकेतल्या आजच्या वादालाही भिडतं. तो गावात बंदुका बाळगायला बंदी घालतो, आणि फक्त गुंडच नाही तर सभ्य गावकरीही बिथरतात. हा पटकथेचा खयाली पुलाव नव्हता. खऱ्या टूम्बस्टोनच्या नगरपालिकेने एप्रिल १८८१मध्ये नवव्या क्रमांकाचा वटहुकूम काढून गावात शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदी घातली होती. २६ ऑक्टोबर १८८१ची ओके कोरलची प्रसिद्ध चकमक सुरू झाली तीच मुळी ही बंदी अमलात आणताना. मार्शल व्हर्जिल अर्प, त्याचे भाऊ वायट आणि मॉर्गन, आणि वायटचा मित्र डॉक हॉलिडे हे क्लँटन-मॅकलॉरी मंडळींची शस्त्रं काढून घ्यायला गेले. तीसेक सेकंदांत तीसेक गोळ्या झडल्या आणि बिली क्लँटन, टॉम आणि फ्रँक मॅकलॉरी मेले. कॅन्ससच्या डॉज सिटीतही बंदुका बाळगायला मनाई होती. इतिहासकार रॉबर्ट डिकस्ट्रा यांनी कॅन्ससमधल्या पाच गुरेबाजाराच्या गावांचा अभ्यास केला, तेव्हा १८७० ते १८८५ या काळात त्यांना पाचही गावांत मिळून ४५ खून सापडले. गावं छोटी असल्याने लोकसंख्येच्या मानाने हा दर मोठा निघतो, असा आक्षेप इतर इतिहासकारांनी घेतला आहे आणि त्यात तथ्य आहे. तरीही रोज भरदुपारी रस्त्यात द्वंद्वं होत होती हे चित्र त्यातून उभं राहत नाही. आज मात्र अमेरिकेत एक पक्ष 'जंगली पश्चिमे'चा दाखला देऊन बंदूक हा आपला वडिलोपार्जित हक्क आहे म्हणतो, दुसरा पक्ष त्याच पश्चिमेला अराजकाचं बुजगावणं करून उभं करतो. २०२२च्या ब्रुएन निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंदूक-नियंत्रणाचा कायदा देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो का, ही कसोटी लावली आणि पश्चिमेकडच्या टेरिटरींमधले, म्हणजे तेव्हा राज्याचा दर्जा नसलेल्या प्रदेशांमधले, असे कायदे अल्पजीवी, थोड्या लोकांपुरते म्हणून बाजूला सारले. वटहुकूम क्रमांक नऊ खरा होता आणि बंदुकाही खऱ्या होत्या. १९३२च्या एका साध्या वेस्टर्नला हे दोन्ही माहीत होतं.

सिनेमाच्या शेवटी गोळीबार होतोच. जॉन्सनची माणसं मारली जातात आणि तो सूडाला निघतो. पण तो प्रसंग ज्या रीतीने दाखवला आहे त्यात विजयाचा मागमूस नाही. संगीताची साथ नाही. नुसते धूर, फळ्या, धावपळ, आणि एकामागून एक कोसळणारी माणसं. जवळजवळ सगळे मरतात. जॉन्सन एकटा उरतो आणि गाव सोडून निघून जातो. ज्याने जमावाला अडवून कायदा शिकवला, त्याचाच शेवट जमावासारखा झाला, आणि दिग्दर्शकाने हे लपवलेलं नाही.

प्रत्यक्ष इतिहास तर याहून लांबलेला आणि कडवट आहे. चकमकीनंतर तीन दिवसांत नगरपालिकेने व्हर्जिलला निलंबित केलं. मेलेल्या बिलीचा भाऊ आइक क्लँटन याने खुनाची फिर्याद दिली. न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यापुढे सुमारे महिनाभर प्राथमिक सुनावणी चालली, डझनांनी साक्षी झाल्या. स्पायसर यांनी अर्प बंधूंना सोडलं, पण निकालात नोंद केली की ज्यांचं क्लँटन मंडळींशी वैर होतं अशा वायट आणि हॉलिडेला मदतीला नेणं हे मार्शलचं अविचारी आणि दूषणास्पद कृत्य होतं. डिसेंबरच्या अखेरीस व्हर्जिलवर दबा धरून गोळ्या झाडल्या गेल्या, त्याचा हात कायमचा निकामी झाला. मार्च १८८२मध्ये मॉर्गन बिलियर्ड खेळत असताना काचेच्या दारातून आलेल्या गोळीने मेला. मग वायट अर्प, जो तेव्हा संघराज्याचा डेप्युटी मार्शल होता, माणसं घेऊन निघाला. टक्सनच्या रेल्वे यार्डात मॉर्गनच्या खुनातला संशयित फ्रँक स्टिलवेल याचं प्रेत सापडलं आणि मार्शलच्याच नावाने खुनाचं वॉरंट निघालं. तो ॲरिझोना सोडून गेला. मे महिन्यात अध्यक्ष चेस्टर आर्थर यांना त्या भागात लष्करी कायदा लावण्याची धमकी देणारा जाहीरनामा काढावा लागला. म्हणजे ज्या अर्ध्या मिनिटाला आपण 'टूम्बस्टोनचा इतिहास' म्हणतो, त्यामागे अर्धं वर्ष आहे: सुनावणी, अधू झालेला हात, भावाचं प्रेत, फरार झालेला मार्शल. त्या अर्ध्या मिनिटाने टूम्बस्टोनमध्ये शांतता आणली, असं कोण म्हणू शकेल?

आता विरोधी बाजूचे मुद्दे. त्यातला सगळ्यात वजनदार हा: किंमत दाखवली तरी प्रेक्षक ती लक्षात ठेवत नाही, त्याच्या डोक्यात उरतो तो गोळीबार. हे नाकारता येत नाही. अर्पचीच गोष्ट घ्या. जानेवारी १९२९मध्ये तो लॉस एंजेलिसमध्ये वारला. टॉम मिक्स आणि विल्यम एस. हार्ट हे वेस्टर्नचे दोन तारे त्याला खांदा देणाऱ्यांत होते. दोन वर्षांनी स्टुअर्ट लेकने त्याचं चरित्र लिहिलं, त्यात तिखटमीठ भरपूर आणि पुरावा कमी, आणि पुढच्या कित्येक अर्पपटांनी त्यावरच गुजराण केली. स्पायसरची सुनावणी कोणाला आठवते? शिवाय 'लॉ अँड ऑर्डर'चे पुढे रीमेक झाले; १९५३च्या रीमेकमध्ये फ्रेम जॉन्सन झाला होता रोनाल्ड रेगन. हाच रेगन १९६७मध्ये कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर असताना, ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेची माणसं बंदुका घेऊन विधानभवनात आल्यावर, भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी आणणाऱ्या कायद्यावर सही करतो. आणि १९८०मध्ये अध्यक्षपदासाठी त्याला बंदूकवाल्यांची संघटना पाठिंबा देते. एकच माणूस, एकच कथानक, आणि त्यातून राजकारणाने हवं तेवढं उचललं. सिनेमा कितीही शहाणा असला तरी प्रेक्षकाच्या स्मरणावर त्याचा ताबा नसतो, हा आक्षेप मला मान्य आहे.

पण मग यावर उपाय कोणता सुचवला जातो? सेन्सॉर. आणि तो प्रयोग होऊन गेला आहे. हॉलिवूडची आचारसंहिता १९३०मध्ये लिहिली गेली आणि जुलै १९३४पासून ती सक्तीने लागू झाली. कायद्याची टर उडवू नका, कायदा मोडणाऱ्याबद्दल सहानुभूती निर्माण करू नका, असं तिचं सांगणं. ऐकायला किती चांगलं! परिणाम काय झाला? १९३१मध्ये 'द पब्लिक एनिमी'त टोळीवाला झालेला जेम्स कॅग्नी १९३५मध्ये ''जी' मेन'मध्ये सरकारी एजंट झाला. तोच वेग, तीच मशीनगन, तोच कैफ. फक्त हात बदलला. कॅन्सस सिटीच्या हत्याकांडानंतर १९३४मध्ये काँग्रेसने संघराज्याच्या एजंटांना बंदुका बाळगण्याचा आणि अटक करण्याचा अधिकार दिला होता. पडद्यावर तो अधिकार साजरा झाला. आचारसंहितेला गोळीचं वावडं नव्हतं. तिला वावडं होतं ते कायद्याच्या माणसाविषयीच्या शंकेचं. म्हणजे 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये जी सगळ्यात मोलाची गोष्ट होती, तिचंच.

आणि शंका घ्यायला त्या काळी कारणं कमी होती का? १९३१मध्ये, म्हणजे हा सिनेमा येण्याच्या आदल्याच वर्षी, विकरशॅम आयोगाने अमेरिकी पोलिसांच्या बेकायदा वर्तनावर अहवाल दिला. संशयितांना मारहाण करून, झोपू न देता, तासन्‌तास उलटतपासणी करून कबुलीजबाब काढण्याची पद्धत देशभर बोकाळली आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. १९३६च्या ब्राउन विरुद्ध मिसिसिपी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन कृष्णवर्णीयांना चाबकाने मारून काढलेल्या कबुलीवरची शिक्षा रद्द केली. दक्षिणेत जमावाने माणसं लटकवणं चालूच होतं. त्याविरुद्धचं डायर विधेयक १९२२मध्ये प्रतिनिधिगृहात संमत होऊनही सिनेटमध्ये अडलं, आणि जमावहत्येविरुद्धचा संघराज्याचा कायदा व्हायला थेट २०२२ उजाडलं. जमावापुढे बंदूक रोखून उभा असलेला मार्शल १९३२च्या प्रेक्षकाला दाखवणं हे अशा देशात दाखवणं होतं. तो प्रसंग निव्वळ थरारासाठी नव्हता.

दुसरा आक्षेप सरहद्दीवरच्या परिस्थितीचा. कायदाच नव्हता तिथे माणसांनी करायचं काय? १९२९च्या 'द व्हर्जिनियन'मध्ये गॅरी कूपर गुरं चोरणाऱ्या आपल्या मित्राला फासावर चढवतो, आणि तो प्रसंग खरोखर हेलावून टाकणारा आहे. ओवेन विस्टरच्या मूळ कादंबरीत, १९०२मध्ये, एक न्यायाधीशच नायिकेला समजावतो की कोर्टं निकामी झाली की नागरिक आपला अधिकार परत घेतात. हा युक्तिवाद आजही जसाच्या तसा ऐकू येतो. त्यात सत्याचा अंश आहे, कारण वायोमिंगमधले ज्युरी गुरेचोरांना सोडून देत, अशी तक्रार तेव्हा होतीच. पण तक्रार करणारे कोण होते? बडे गुरेमालक. १८८९मध्ये एला वॉटसन आणि जिम ॲव्हरेल यांना त्यांनी लटकवलं, चोर ठरवून. दोघांची खरी अडचण अशी की बड्यांना हव्या असलेल्या जमिनीवर त्यांनी रीतसर हक्क सांगितला होता. १८९२मध्ये याच मालकांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकधारी आणून जॉन्सन काउंटीवर स्वारी केली. मारायच्या माणसांची यादी सोबत होती. नेट चॅम्पियन आणि निक रे मारले गेले. उलटून आलेल्या स्थानिकांनी स्वारीवाल्यांना वेढलं, तेव्हा घोडदळाने येऊन त्यांची सुटका केली, आणि शिक्षा एकालाही झाली नाही. मोंटानात तर १८६४च्या जानेवारीत स्वयंघोषित न्यायवाल्यांनी हेन्री प्लमर या निवडून आलेल्या शेरीफलाच दरोडेखोरांचा म्होरक्या ठरवून फासावर दिलं. तो दोषी होता की नाही हा वाद इतिहासकारांत अजून मिटलेला नाही, कारण मिटवू शकेल असा खटलाच झाला नाही. आणि टूम्बस्टोनमध्ये कायदा नव्हता म्हणणाऱ्यांनी सांगावं: जिथे वटहुकूम होता, न्यायाधीश होता, वकील होते, एकमेकांविरुद्ध लिहिणारी दोन वर्तमानपत्रं होती, महिनाभराची सुनावणी होती, तिथे कायदा नव्हता म्हणजे नेमकं काय नव्हतं? कायदा दुबळा होता, पक्षपाती होता. दुबळ्या कायद्याला वगळून काम करणारा तो आणखी दुबळा करतो, हे वायट अर्पच्या नावच्या वॉरंटातून दिसतं.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. हे सिनेमे कायद्याबद्दल बोलतात, पण तो कायदा कोणाच्या जमिनीवर उभा राहिला हे विचारत नाहीत. 'लॉ अँड ऑर्डर'लाही तो प्रश्न पडत नाही. अपाचे लोकांच्या मुलखात चांदी सापडली म्हणून टूम्बस्टोन वसलं, हे त्यात नाही. टेक्सासच्या रेंजर्स या राज्य पोलीसदलावरचा १९३६चा 'द टेक्सास रेंजर्स' तर पुढचं पाऊल टाकतो. टेक्सासच्या शताब्दी वर्षात किंग व्हिडॉरने काढलेल्या या सिनेमात दरोडेखोर रेंजर बनतात आणि जुन्या साथीदाराचा पाठलाग करतात. त्या आधी जेमतेम अठरा वर्षं, २८ जानेवारी १९१८च्या पहाटे, पोर्व्हेनिर या सीमेवरच्या वस्तीत टेक्सास रेंजर्सच्या एका तुकडीने लष्करी जवान आणि स्थानिक रँचवाल्यांसह पंधरा मेक्सिकन पुरुष आणि मुलगे बाहेर काढून गोळ्या घातल्या होत्या. दुसऱ्या वर्षी होसे कनालेस या आमदाराने रेंजर्सच्या अत्याचारांची विधिमंडळात चौकशी घडवून आणली. ती तुकडी त्याआधीच बरखास्त झाली होती, पण खटला कोणावरही चालला नाही. व्हिडॉर मोठा दिग्दर्शक होता, आणि तरीही त्याच्या रेंजरपटात यातलं काहीही नाही. इथे प्रेक्षकाला फसवलं गेलं, असंच मी म्हणेन. पण ही फसवणूक माझी कसोटी मोडत नाही, ती लागू करते: किंमत ज्यांनी मोजली त्यांनाच चौकटीबाहेर ठेवलं.

शेवट बदलल्याने काय होतं, याचीही एक नोंद करायला हवी. याच व्हिडॉरने १९३०मध्ये त्या नावाच्या गाजलेल्या गुंडावर 'बिली द किड' काढला. इतिहासात शेरीफ पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१च्या रात्री फोर्ट सम्नरमध्ये बिलीला गोळी घातली. अमेरिकी प्रेक्षकांसाठीच्या शेवटात मात्र गॅरेट त्याला प्रेयसीसह निसटू देतो, आणि युरोपात वेगळा, बिलीच्या मृत्यूचा शेवट गेला. प्रेक्षकाला काय झेपेल हे कंपनीने ठरवलं. आपल्याकडे 'शोले'त ठाकूर गब्बरला पायांखाली तुडवून मारतो असा शेवट चित्रित झाला होता. १९७५मध्ये सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि ऐन वेळी पोलीस येऊन कायद्याची आठवण करून देतात. कायद्याचा मान राखा, हा आदेश कोणत्या सरकारचा होता? ज्याने त्याच उन्हाळ्यात आणीबाणी लादून नागरिकांचा मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्याचा मार्ग बंद केला होता, त्याचा. हे बघितल्यावर पडद्यावरच्या कायद्याची राखण सेन्सॉरवर सोपवायला मी तयार नाही.

हे सगळं इतक्या तपशिलाने मांडतो आहे, कारण आपल्याकडे ही किंमत कागदावर आलेली आहे. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबईतल्या चकमकींवरून उभ्या राहिलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल दिला: चकमकीत माणूस मेला तर स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी झालीच पाहिजे, आणि शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत त्या पोलिसांना मुदतपूर्व बढती किंवा शौर्यपदक देऊ नये. डिसेंबर २०१९मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर आयोगाने नंतर निष्कर्ष काढला की पोलिसांची हकीकत विश्वासार्ह नाही, गोळीबार ठार मारण्याच्या हेतूने झाला, मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते, आणि दहा पोलिसांवर खटला चालावा. फुलं उधळली गेली ती काही तासांत. अहवाल लोकांपुढे आला तो मे २०२२मध्ये. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात तपास, साक्षी, शवविच्छेदनाचे कागद, एका पीडितेच्या कुटुंबाला न मिळालेला खटला, हे सगळं घडलं. देशभरात पाच कोटींहून अधिक खटले तुंबलेले असताना लोकांचा धीर सुटतो, हे मला कळतं. तो राग खोटा नाही. पण त्या मुलीच्या खुनाचं सत्य कोर्टात उलगडण्याची एकमेव संधी चार गोळ्यांनी संपवली, ही गोष्ट फुलं उधळणाऱ्यांना कोणी दाखवली?

ते काम सिनेमाला करता येतं. म्हणून पोलिसपट बंद करा असं मी म्हणणार नाही, आणि 'तो फक्त सिनेमा आहे' असंही म्हणणार नाही. बाजीराव सिंघम गोवा-महाराष्ट्राच्या सीमेवरचा, मराठी बोलणारा, आपल्या मातीतला पोलीस आहे; त्याच्यावर प्रेक्षकांचं प्रेम आहे, आणि म्हणूनच त्याच्या लेखकांकडून जास्त मागायला हवं. शेवटच्या गोळीनंतर त्यांनी आणखी वीस मिनिटं लिहावीत. दंडाधिकाऱ्यांची चौकशी लागलेली आहे, इन्स्पेक्टर साक्षीला बसला आहे, सोबतचा हवालदार आपल्या जबाबात वेगळी वेळ सांगतो आहे, बॅलिस्टिक अहवालात गोळीचं अंतर जुळत नाही, आणि बाहेर व्हरांड्यात मेलेल्या माणसाची आई व ज्या मुलीसाठी हे सगळं झालं तिचा बाप, दोघंही आपापल्या वकिलाची वाट बघत आहेत. वेल्स स्पायसरच्या सुनावणीइतकं नाट्य यात नक्कीच आहे.